गाडी नेमकी कधी रडते? कार्ब खोलायच्या आधीचं बोलणं

जुनी गाडी जरा मिसिंग मारायला, म्हणजे ठोके चुकवायला लागली, आयडलिंगला (गाडी उभी, पाय वर, इंजिन चालू) थरथरली किंवा चढावर दम सोडला की बघणारा प्रत्येक जण एकच निदान करतो, "कार्बमध्ये कचरा आलाय, खोलून साफ कर." (कार्ब म्हणजे कार्ब्युरेटर, पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग.) आणि त्यात वाईट हे की अधूनमधून ते खरंही निघतं, त्यामुळे पुढच्या वेळी परत पहिला हात कार्बलाच. तो बसलेलाही अगदी हाताशी असतो ना, एअर फिल्टर काढला की समोरच, चार नट सोडले की हातात, आणि बाहेरून दोन-तीन स्क्रू असे दिसतात की फिरवल्याशिवाय माणसाला राहवत नाही. डिस्ट्रीब्यूटरच्या (प्लगांना करंट वाटणारा डबा) आत काय चाललंय ते दिसत नाही, टॅपेटचं गॅप (इंजिनच्या व्हॉल्व्हजवळची फट) दिसत नाही, मग सापडला तो चोर.

माझं म्हणणं एवढंच आहे की पाना हातात घ्यायच्या आधी गाडीला एक प्रश्न विचारा, तू नेमकी कधी रडतेस? थंड असताना की तापल्यावर, आयडलला की पाय दाबल्या दाबल्या, सरळ रस्त्यावर एका स्पीडला चालताना की फुल दाबल्यावर, की चावी बंद करून दहा मिनिटांनी परत सेल्फ मारल्यावर? "गाडी नीट चालत नाही" ही तक्रार काही कामाची नाही. "तिसऱ्या गिअरमध्ये हळूच पाय दाबला की एक झटका देते आणि मग बरी चालते", ही कामाची, यात अर्धं निदान आलेलंच आहे.

कारण असं की कार्बच्या आत पेट्रोलला जायला एकच रस्ता नसतो. सोलेक्स, वेबर, झेनिथ या जातीच्या कार्बमध्ये चार-पाच वेगळ्या वाटा असतात. चालू करायला चोक, आयडलला स्लो जेट (जेट म्हणजे मापाचं बारीक भोक असलेला तुकडा), बटरफ्लाय (पाय दाबला की उघडणारी हवेची झडप, हाच थ्रॉटल) जरा उघडलं की त्याच्या कडेजवळची बारीक भोकं (प्रोग्रेशन होल म्हणतात त्यांना), एकदम पाय दाबला की पिचकारी मारणारा एक्सलरेटर पंप, आणि त्यापुढे मेन जेट. प्रत्येकाची पाळी वेगळी. त्यामुळे आयडलला रडणाऱ्या गाडीचा मेन जेट साफ करत बसण्यात काही अर्थ नाही, तो त्यावेळी कामावरच नसतो. या सगळ्यांच्या मागे एक फ्लोटची वाटी (पेट्रोल वर आलं की तरंगणारा फ्लोट निडल, म्हणजे सुईसारखी झडप, बंद करतो), तिच्यातली पेट्रोलची पातळी चुकली की मात्र सगळ्याच वाटा एकदम बिघडतात.

आता एक उदाहरण सांगतो म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल. एका मित्राचा फोन आला, जुनी चार सिलिंडरची गाडी, एकच कार्ब. म्हणाला, "अरे आयडलला धरतच नाही, सिग्नलला थांबलो की बंद. मिक्श्चर स्क्रू पूर्ण आत घेतला, पूर्ण बाहेर काढला, इंजिनला काही घेणंदेणंच नाही. स्लो जेट दोनदा साफ केला. आता किट मागवतो आणि पूर्ण खोलतो."

मी म्हटलं थांब, काही खोलू नकोस, तू जे आत्ता बोललास त्यातच मेख आहे.

मिक्श्चर स्क्रू पूर्ण आत घेतला तर इंजिन बंद पडायला पाहिजे, निदान बंद पडायच्या बेतात तरी यायला पाहिजे. कारण त्या स्क्रूच्या टोकापासूनच आयडलचं पेट्रोल जातं, ती वाट बंद केली तर इंजिन जगेल कशावर? नाही बंद पडलं याचा अर्थ ते दुसरीकडून कुठूनतरी पेट्रोल पितंय. आणि ते दुसरीकडचं ठिकाण बहुतेक वेळा म्हणजे तीच प्रोग्रेशनची भोकं. बटरफ्लाय नीट बंद असलं तर ही भोकं त्याच्या कडेच्या वरच्या बाजूला राहतात, तिथे व्हॅक्यूम पोचत नाही, म्हणून ती गप्प असतात. पण कुणी आयडल स्पीडचा स्क्रू (ज्याने बटरफ्लाय टेकून राहतं तो) फिरवून फिरवून बटरफ्लाय जास्त उघडं ठेवलं की ती भोकं व्हॅक्यूमच्या बाजूला येतात आणि पेट्रोल सोडायला लागतात. मग मिक्श्चर स्क्रूच्या हातात काही उरत नाही, कितीही फिरवा.

म्हणजे प्रश्न बदलला. मिक्श्चर स्क्रू का चालत नाही हे सोडा, आयडल स्पीडचा स्क्रू इतका आत कुणी आणि कशासाठी घेतला? उघड आहे, पूर्वी कधीतरी गाडी आयडलला धरत नव्हती म्हणून कुणीतरी तो आवळला, गाडी उभी राहिली, सगळे खूश. पण का धरत नव्हती ते कुणीच बघितलं नाही. जुन्या गाड्यांमध्ये हे फार असतं, एक बिघाड असतो आणि त्याच्यावर कुणाकुणाचे स्क्रू फिरवून झालेले तीन थर असतात, आपल्याला दिसतो तो सगळ्यात वरचा थर.

मग मी गाडी बघायला गेलो. व्हॅक्यूम गेज लावला. हे एक साधं घड्याळ आहे, मॅनिफोल्डला (कार्बमधून इंजिनकडे जाणारा पाइप) नळी जोडायची आणि काटा बघायचा, माझ्या मते जुन्या गाडीवाल्याने पहिलं हत्यार हेच घ्यावं. धडधाकट इंजिन आयडलला समुद्रसपाटीच्या आसपास साधारण 17 ते 21 इंच पारा दाखवतं आणि काटा स्थिर असतो. उंचावर राहत असाल तर दर हजार फुटाला साधारण एक इंच कमी धरायचा. (आणि रेसिंगचा कॅम बसवलेला असेल तर हे आकडे विसरा.) इथे काटा स्थिर होता पण 14 च्या आसपास. स्थिर पण खाली, याचे दोन मोठे संशयित, एक तर टायमिंग लेट आहे, म्हणजे स्पार्क उशिरा पडतोय, किंवा कुठूनतरी चोरून हवा आत येतेय. टायमिंग लाइट लावून बघितली, ठीक होतं.

मग हवा. कार्बखालचं पॅकिंग, मॅनिफोल्डचं पॅकिंग, थ्रॉटल स्पिंडलचे बुश, डिस्ट्रीब्यूटरच्या व्हॅक्यूम अॅडव्हान्सची (स्पार्क लवकर पाडणाऱ्या यंत्रणेची) नळी आणि ब्रेक बूस्टरचा (ब्रेकचा जोर वाढवणाऱ्या डब्याचा) पाइप, संशयित एवढेच. लोक इथे कार्ब क्लीनरचा स्प्रे मारतात आणि आयडल बदलतं का बघतात, चालतं ते, पण खाली एक्झॉस्ट तापलेला असतो आणि स्प्रे पेट घेतो, म्हणून मी साध्या पाण्याची फवारणीची बाटली वापरतो. पाणी भोकातून खेचलं गेलं की इंजिन क्षणभर अडखळतं आणि बऱ्याचदा सुर्र असा आवाज येतो, तेवढं पुरे. फक्त डिस्ट्रीब्यूटर आणि प्लगच्या वायरी वाचवून मारायचं, नाहीतर नवीनच मिसिंग लावून घ्याल.

पाण्याने काही कळलं नाही. मग नळ्या एकेक करून दाबायला घेतल्या, फडकं गुंडाळून पक्कडीने, आणि ब्रेक बूस्टरचा पाइप दाबल्याबरोबर इंजिनचा आवाजच बदलला, गोळीबंद झाला, काटा वर चढला. पाइप वरून बघितला तर नवाकोरा वाटत होता. क्लॅम्प सोडून उलटा केला तर क्लॅम्पच्या काठाला लागून खालच्या अंगाला एक चीर, नखाएवढी लांब, पाइप वाकवला की तोंड उघडायची आणि सोडला की मिटायची. वरून पाणी मारलं तरी तिथपर्यंत पोचणारच नव्हतं.

पाइप बदलला. पण लक्षात घ्या, एवढ्याने गाडी लगेच नीट झाली नाही, उलट आयडल विचित्र झालं, कारण बाकीचे थर तसेच होते. आता आयडल स्पीडचा स्क्रू मागे घेतला, इतका की बटरफ्लाय जेमतेम उघडं राहील, मिक्श्चर स्क्रू हळूच पूर्ण आत घेऊन दोन फेरे बाहेर काढला आणि गाडी चालू केली. आता तोच स्क्रू, ज्याचा इंजिनला काही फरक पडत नव्हता, पाव फेरा फिरवला तरी इंजिन उत्तर द्यायला लागलं. कार्ब गाडीवरच होता, एक नट सोडला नव्हता.

(स्क्रू हळूच आत घ्यायचा असं म्हटलं त्यावर एक शब्द. त्याचं टोक सुईसारखं निमुळतं असतं, जोर लावून आवळला की टोकावर गोल खाच पडते आणि ज्या भोकात बसतो तेही फाकतं. एकदा तशी खाच पडली की आयडल कधीच नीट लागत नाही. जुना कार्ब घेताना मी आधी हा स्क्रू काढून त्याचं टोक बघतो, आधीच्या माणसाचा हात कसा होता ते तिथे कळतं.)

बरं, आता कार्बला हात लावायच्या आधीचं दुसरं काम, करंट. पॉइंट, कंडेन्सर, कॉइल, प्लग, टायमिंग, म्हणजे स्पार्क पाडणारा सगळा संच, आणि सोबत टॅपेट. हे सगळं ठीक असल्याशिवाय कार्ब ट्यून करणं म्हणजे उताराच्या टेबलावर तराजू ठेवून माल तोलणं. विशेषतः कंडेन्सर फार फसवतो. थंड असताना ठीक, तापला की स्पार्क कमजोर, गाडी झटके देत बंद, आणि ते झटके हुबेहूब पेट्रोल संपल्यासारखे. अर्धा तास थांबलं की परत चालू, मग माणूस म्हणतो पेट्रोल लाइनमध्ये काहीतरी आहे. तसंच डिस्ट्रीब्यूटरच्या आतली ती लवचिक छोटी वायर, व्हॅक्यूम अॅडव्हान्सची प्लेट हलली की तीही हलते, वर्षानुवर्षं हलून आतल्या तारा तुटतात आणि बाहेरचं कव्हर शाबूत दिसतं. त्यामुळे गाडी एका ठरावीक थ्रॉटललाच मिसिंग मारते, अगदी कार्बच्या बिघाडासारखी. ओळखायचं कसं तर करंट गेला की तुटक असते, एकदम बंद एकदम चालू, टॅकोमीटर कॉइलवरून चालत असेल तर त्याचा काटाही इंजिनच्या आधी खाली उडी मारतो. पेट्रोल कमी पडलं की गाडी ओशाळल्यासारखी हळूहळू दम सोडते. नेहमीच इतकं स्वच्छ नसतं, पण सुरुवात करायला हे बरं.

पेट्रोल कमी की जास्त, हे बघायचा सगळ्यात स्वस्त उपाय चोक. गाडी तापलेली असताना जिथे त्रास होतो तिथे चोक थोडासा ओढा. सुधारली तर लीन चाललीय, म्हणजे पेट्रोल कमी किंवा हवा जास्त. अजून बिघडली, धूर काळा झाला, तर आधीच रिच आहे, म्हणजे पेट्रोल जास्त. एका मिनिटाची टेस्ट आहे पण ती न करता थेट जेट बदलणारे लोक मी बघितलेत. लीन गाडी कार्बमधून शिंकते, रिच गाडी धापा टाकल्यासारखी चालते आणि प्लग कोरडे काळे करते, काजळीसारखे. प्लग तेलकट काळे असतील तर तो कार्बचा गुन्हा नाही, तिथे ऑइल वर येतंय. प्लगच्या रंगावर मात्र हल्ली मी डोळे झाकून विश्वास ठेवत नाही, आताच्या अनलेडेड पेट्रोलला पूर्वीसारखा तो छान बिस्किटी रंग उठून येत नाही.

आता पाळीपाळीने बाकीच्या तक्रारी. पाय दाबल्या दाबल्या खड्डा पडतो, म्हणजे क्षणभर काहीच नाही आणि मग गाडी उचलते, तर आधी एक्सलरेटर पंप बघा. इंजिन बंद, एअर फिल्टर काढलेला, टॉर्च घेऊन कार्बच्या तोंडात बघायचं आणि हाताने थ्रॉटल उघडायचा. लिव्हर हलल्या क्षणी पेट्रोलची सरळ धार पडली पाहिजे. थेंब थेंब पडतंय, उशिरा पडतंय किंवा वाकडी पडून भिंतीला लागतेय, तर पंपाचा डायाफ्राम कडक झालाय, नाहीतर आतली चेक व्हॉल्व्हची छोटी गोळी चिकटलीय, नाहीतर नोझलमध्ये कण अडकलाय. धार छान आहे आणि तरीही खड्डा पडतोय, आणि तोही हळूच दाबल्यावर जास्त, तर मग प्रोग्रेशनची भोकं चोंदलीत. आणि डिस्ट्रीब्यूटरचा अॅडव्हान्स जाम असेल तरी अगदी हाच खड्डा पडतो, म्हणून म्हटलं करंट आधी.

गाडी शहरात ठीक, हायवेला दहा-पंधरा मिनिटं एका स्पीडला चालवली की दम सोडते, थांबवली की जरा वेळाने परत ठीक, ही तक्रार आली की कार्बपासून दूर जा आणि पेट्रोलच्या टाकीपासून सुरू करा. वाटी भरते त्यापेक्षा जास्त वेगाने रिकामी होतेय एवढाच याचा अर्थ. टाकीतली गाळणी, मधला फिल्टर, आतून सुजून बारीक झालेला रबरी पाइप, पंपाचे व्हॉल्व्ह. आणि टाकीचं झाकण! त्याला हवा जायला एक बारीक वाट असते, ती बंद झाली की टाकीत व्हॅक्यूम तयार होतो आणि पंप बिचारा ओढून ओढून थकतो. गाडीने दम सोडला की लगेच झाकण उघडा, फुस्स करून हवा आत गेली आणि गाडी सुधारली तर काम झालं. लक्षात ठेवा, पंप बदलताना जास्त प्रेशरचा लावणं हा उपाय नाही, या जुन्या कार्बच्या निडल व्हॉल्व्हला दोन-तीन-चार पीएसआय (दाबाचं माप) पुरतात, त्याच्या वर गेलं की निडल दाब धरत नाही आणि पेट्रोल वर उतू जातं.

उतू जाणं म्हणजे ओव्हरफ्लो, पंपाचा दाब ठीक असेल तर त्याची कारणं तीनच. निडल आणि तिची सीट झिजली किंवा कण अडकला, फ्लोटची उंची चुकली, किंवा फ्लोटमध्येच पेट्रोल शिरलं. पितळी फ्लोट कानाजवळ हलवून बघा, आत डुबुक डुबुक वाजलं तर भोक आहे. वाजत नसेल तरी संशय असेल तर गरम पाण्यात बुडवायचा, आतली हवा तापून फुगते आणि जिथे भोक आहे तिथून बारीक बुडबुड्यांची माळ निघते, पेनाने खूण करून ठेवायची. डाग देताना आधी आतलं पेट्रोल पूर्ण काढायचं हे सांगायला नको, आणि डाग कमीत कमी, कारण फ्लोट जड झाला की पातळी वर जाते. निडलच्या टोकावर चकाकणारी गोल रेघ दिसली, नख लावल्यावर ती जाणवली, तर तिला पॉलिश वगैरे मारत बसू नका, निडल आणि सीट जोडीने बदला.

तापल्यावरचा त्रास हा वेगळाच विषय आहे आणि यात कार्बची चूक नसते. गाडी पळवून आणली, बंद केली, दहा-पंधरा मिनिटांनी सेल्फ मारला तर चालू होत नाही. इंजिन बंद झालं की पंखा बंद, पाणी फिरणं बंद, आणि सगळी उष्णता वर कार्बकडे येते. पेट्रोलमधले हलके घटक 35-40 डिग्रीलाच उकळायला लागतात, त्यामुळे वाटीतलं पेट्रोल उकळून नोझलमधून मॅनिफोल्डमध्ये टपकतं आणि इंजिन फ्लड होतं. अशा वेळी चोक ओढायचा नाही, पाय पंप करायचा नाही, एक्सलरेटर सावकाश पूर्ण दाबून धरायचा आणि सेल्फ मारायचा, जास्तीचं पेट्रोल बाहेर निघून गेलं की धरते. कायमचा उपाय म्हणजे कार्बखाली जाड बेकेलाइटचा ठोकळा, जो कंपनीने मुळात दिलेला असतो आणि कुणीतरी कधीतरी पातळ पॅकिंग लावून फेकून दिलेला असतो, आणि एक्झॉस्टच्या वर पत्र्याची ढाल. आधी हे दोन जागेवर आहेत का ते बघा, मग इलेक्ट्रिक पंपाच्या गोष्टी करा.

इथेच इथेनॉलचंही बोलून घेतो, कारण त्यावर फार रडारड चालते. अर्धी बरोबर, अर्धी उगाच. एक भाग पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने साधारण 14.7 भाग हवा लागते, 10 टक्के इथेनॉल मिसळलं की हे 14.1 च्या आसपास येतं, म्हणजे त्याच जेटवर गाडी थोडी लीन चालते. जी आधीच काठावर होती ती शिंकायला लागते, बाकीच्यांना मिक्श्चर स्क्रूच्या पाव फेऱ्यात भागतं. जेट एखाद-दोन नंबर वाढवावा लागतो कधीकधी. (या जेटवरचा नंबर म्हणजे बहुतेक वेळा भोकाचा व्यास, 120 म्हणजे 1.20 मिलीमीटर.) खरा धोका जुन्या रबराला आहे, पाइप, डायाफ्राम, आणि कॉर्कची पॅकिंगं. जुना पाइप बाहेरून धड दिसतो आणि आतून सोलून त्याचे काळे कण निडलमध्ये जाऊन बसतात. आणि इथेनॉल पाणी ओढतं, त्यामुळे गाडी महिनोन्महिने उभी राहिली की वाटीच्या तळाला पांढरी पूड आणि चिकट थर, हे ठरलेलं. पाइप नवीन घालताना इथेनॉलला चालणारे घाला आणि एकदाचे मोकळे व्हा.

एसयू आणि स्ट्रॉमबर्ग या जातीच्या कार्बवाल्यांनी आत्तापर्यंत वाचलं असेल तर माफी, कारण तुमचा कार्ब वेगळ्याच डोक्याचा आहे. त्यात एकच जेट, त्यात वर-खाली होणारी एक निमुळती निडल, आणि हवेच्या ओढीने उचलला जाणारा पिस्टन. म्हणून त्याला "कधी" विचारलं तर उत्तरं वेगळी येतात. पिकअपला खड्डा पडतो तर एसयूमध्ये एक्सलरेटर पंप शोधू नका, नाहीचये, आधी वरची टोपी काढून डॅम्परमध्ये (पिस्टनला एकदम उडू न देणारा भाग) ऑइल आहे का बघा. ऑइल संपलं की पिस्टन एकदम वर उडतो आणि मिश्रण क्षणभर लीन होतं. एसएई 20 च्या आसपासचं ऑइल घालायचं, टोपी परत बसवताना आटे लागायच्या जरा आधी हाताला विरोध जाणवला पाहिजे.

पिस्टन बोटाने पूर्ण उचलून सोडा. टक्क असा स्वच्छ धातूचा आवाज आला पाहिजे. घुसमटल्यासारखा खाली आला, मध्येच अडकला, तर आतून साफ करा, डोमच्या आतली बाजू आणि पिस्टनची कड, पॉलिश पेपर न लावता फक्त फडकं आणि थिनर, कारण तिथलं अंतर केसाएवढं असतं आणि तेच त्याचं सगळं गणित. तरीही टक्क येत नसेल तर जेट सेंटरला नाही. स्ट्रॉमबर्गमध्ये पिस्टनला रबरी डायाफ्राम असतो, तो फाटला की गाडी आयडलला छान आणि पाय दाबला तरी पुढे सरकत नाही, कारण पिस्टन वर उचललाच जात नाही. वरचे चार स्क्रू काढून डायाफ्राम दिव्यासमोर धरला की टाचणीएवढं भोकसुद्धा दिसतं.

मिश्रण बघायला एसयूच्या बाजूला एक छोटी पिन असते, तिने पिस्टन साधारण 0.8 मिलीमीटर उचलायचा, म्हणजे जेमतेम. आरपीएम वाढून वाढलेलंच राहिलं तर रिच, लगेच पडायला लागलं तर लीन, किंचित वाढून परत जागेवर आलं तर बरोबर. दोन कार्ब असतील तर आधी दोघांची हवा सारखी करायची. महागडी साधनं मिळतात, पण एक हातभर रबरी नळी घेऊन एक टोक कानाला आणि दुसरं कार्बच्या तोंडाशी धरलं की सूं असा आवाज येतो, दोन्हीकडे तोच सूर आला की झालं. नळी दोन्ही वेळा तोंडावर त्याच जागी धरली पाहिजे, इकडे कडेला आणि तिकडे मध्ये धरली तर सूर वेगळाच येणार.

आणि एवढं सगळं बघूनही कार्बच दोषी ठरला, तर जरूर खोला, मी काही नको म्हणत नाही. खोलायच्या आधी प्रत्येक कोनातून फोटो, लिंकेज (जोडणाऱ्या दांड्या) कुठल्या भोकात होती तेसुद्धा. पेट्रोल जमिनीवर सांडलं की त्याची वाफ जमिनीलगत पसरते, म्हणून दारं उघडी, फायर एक्स्टिंग्विशर जवळ, आणि डोळ्यावर चष्मा, कारण एका भोकात मारलेला स्प्रे कुठल्या भोकातून डोळ्यात येईल ते सांगता येत नाही. रबर आणि डायाफ्राम आधी बाजूला काढा, क्लीनरमध्ये ते फुगतात. जेटमध्ये तार घालू नका. त्या भोकाचं माप मिलीमीटरच्या शंभराव्या भागात मोजलेलं असतं, तारेचा एक ओरखडा आणि तुमचा 120 कितीचा झाला ते देवाला माहीत. हवा मारा, नाही निघालं तर रात्रभर क्लीनरमध्ये ठेवा, आणि मग नायलॉनचा धागा. प्रत्येक जेट उजेडाकडे धरून बघायचा, भोक गोल आणि कडा स्वच्छ पाहिजेत, आणि नंबर कंपनीच्या पुस्तकाशी जुळवायचा, कारण आधीच्या कुणीतरी एव्हरेजसाठी छोटा घातलेला असणं अगदी शक्य आहे.

बॉडी आणि वरचं झाकण यांच्या बसायच्या जागा काचेवर ठेवून हलवून बघा. डुगडुगली तर वाकलीय, आणि ती बहुतेक वेळा हवा गळते म्हणून नट अजून आवळल्याने वाकलेली असते. काचेवर बारीक पॉलिश पेपर चिकटवून गोल गोल घासून सपाट करता येते, वेळखाऊ आहे पण होतं. थ्रॉटल स्पिंडल बाजूला हलवून बघा, खडखड असेल तर कितीही किट घाला, आयडल रोज वेगळं राहणार, कारण बुशमधून येणारी हवा रोज वेगळी. त्याला नवीन बुश किंवा जाड स्पिंडल घालून घ्यायला लागतं आणि ते लेथवाल्याचं काम आहे, भोक सरळ रेषेत पडलं नाही तर बटरफ्लाय अडकतं. किटमधली पॅकिंगं लावताना जुन्या पॅकिंगवर ठेवून भोकं मोजा, एकाच किटमध्ये तीन-चार मॉडेलची पॅकिंगं येतात आणि जवळपास सारखं दिसणारं पॅकिंग लावलं की एखादी वाट कायमची बंद. हे झालं की मग परत खोला, आहेच.

बसवल्यावर फ्लोटची उंची पुस्तकाप्रमाणे, नट समोरासमोरचे थोडे थोडे करत आवळायचे, इंजिन पूर्ण तापू द्यायचं, चोक पूर्ण उघडलाय हे डोळ्याने बघायचं (केबल अर्ध्यात अडकून चोक जरासा लागलेला राहणं आणि गाडी पेट्रोल पिते म्हणून बोंब मारणं हे नेहमीचंच), आणि मग आयडल स्पीड आणि मिक्श्चर हे दोन स्क्रू आळीपाळीने, थोडे थोडे. मिक्श्चर अशा जागी आणा की व्हॅक्यूमचा काटा सगळ्यात वर असेल, मग स्पीडच्या स्क्रूने आरपीएम खाली आणा, परत मिक्श्चर. शेवटचं सेटिंग एअर फिल्टर बसवून करा. फिल्टर काढून लावलेलं आयडल फिल्टर बसवल्यावर थोडं रिच होतं, आणि फिल्टर जुना, धुळीने भरलेला असेल तर थोडं नाही, चांगलंच होतं.